सोसायटीने पाळीव कुत्रा पंधरा दिवसांत हलवण्याची नोटीस लावली आहे. नियम नेमके काय सांगतात?

पावसची लेक (प्रश्न)

नमस्कार. गेल्या श्रावणात वडील गेले आणि पावसजवळच्या गावातले आमचे घर बंद करून मी आईला माझ्याकडे आणले. मी राहते ती इमारत रत्नागिरी शहराला लागून असलेल्या नाचणे भागात आहे. तीन मजले आणि बारा सदनिका. आईबरोबर दोन जीव आले. एक वाघ्या, म्हणजे वडिलांनी नऊ वर्षांपूर्वी रस्त्यावरून उचलून आणून वाढवलेला गावठी कुत्रा. आणि दुसरा राघू, जो चौदा वर्षांपूर्वी पावसाळ्यात मोडून पडलेल्या माडाच्या ढोलीत पिल्लू असताना सापडला होता आणि तेव्हापासून पडवीतल्या पिंजऱ्यात आहे.

वाघ्याने आयुष्यात जिना पाहिला नव्हता. पहिले चार दिवस तो तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर पुढचे पाय ठेवून बसत असे आणि वर येत नसे, म्हणून मी त्याला उचलून आणत होते. आता तो चढतो, परंतु पहाटे पाच वाजता दूधवाल्याची मोटारसायकल आली की भुंकतो, आणि दोन वेळा त्याने पहिल्या मजल्याच्या वळणावर लघवी केली. मी ती लगेच धुऊन काढली, तरीही शेजाऱ्यांची तक्रार खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

मागच्या आठवड्यात सूचनाफलकावर नोटीस लागली. इमारतीत कुत्रा पाळण्यास मनाई करणारा ठराव बहुमताने संमत झाला असून पंधरा दिवसांत कुत्रा हलवला नाही तर दरमहा पाच हजार रुपये दंड आकारला जाईल आणि आमच्या सदनिकेचे पाणी बंद केले जाईल, असे तिच्यात लिहिले आहे. आईने ती वाचली तेव्हापासून ती वाघ्याला गावी परत नेऊन सोडू या असे म्हणते. तिथे घर बंद आहे, त्याला भाकरी घालायला कोणीही नाही.

माझ्या शंका अशा आहेत. असा ठराव करण्याचा अधिकार सोसायटीला आहे का? कुत्र्याचा परवाना घ्यायचा असेल तर तो नगर परिषदेकडून घ्यायचा की ग्रामपंचायतीकडून? आई इमारतीच्या मागच्या पट्ट्यात चार गावठी कोंबड्या ठेवू इच्छिते, तिला ते करता येईल का? वडिलांच्या नावावरची एक गाय सध्या गावातल्या शेजाऱ्यांच्या गोठ्यात आहे, तिच्या बिल्ल्याचे काय करायचे? आणि राघूविषयी एका परिचितांनी मला हळूच सांगितले की तो ठेवणे हा गुन्हा आहे. हे खरे आहे का?

जुना चिटणीस

ताई, मी चिपळूणमध्ये अकरा वर्षे एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा चिटणीस होतो आणि अगदी असाच ठराव मी स्वतःच्या हाताने इतिवृत्तात लिहिला होता. पुढे कायदा वाचल्यावर तो मागे घ्यावा लागला. म्हणून जे समजले ते सविस्तर लिहितो.

सर्वांत आधी आपली इमारत कायद्याने काय आहे ते तपासा. आपल्याकडे तोंडी प्रत्येक इमारतीला सोसायटी म्हणतात, परंतु कोकणातल्या बऱ्याच इमारती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र करून उभ्या राहिलेल्या असतात, आणि काही ठिकाणी तर कसलीच नोंदणी झालेली नसते. नोंदणी नसेल तर त्या नोटिशीला शेजाऱ्यांच्या सामूहिक मताहून अधिक वजन नाही. नोंदणी असेल तर संस्थेच्या उपविधींची प्रत मागा. सभासद म्हणून ती मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आता मूळ मुद्दा. पाळीव प्राणी ठेवण्यास सरसकट बंदी घालण्याचा अधिकार संस्थेला नाही, मग ठराव बहुमताने झालेला असो वा एकमताने. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट म्हटले आहे. भुंकण्याचे कारण पुढे करूनही बंदी घालता येत नाही आणि उद्वाहन (लिफ्ट) असेल तर ते वापरण्यास मनाई करता येत नाही, असेही त्यांत आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निवासी संघटनांच्या अशा मनाईच्या तरतुदी बेकायदेशीर ठरवल्या. तो निर्णय दुसऱ्या राज्याचा असल्यामुळे आपल्याकडे बंधनकारक नाही, परंतु अर्जात त्याचा उल्लेख केल्यास समितीतील जाणती माणसे थांबून विचार करतात, असा माझा अनुभव आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० याच्या कलम ११ प्रमाणे पाळलेल्या प्राण्याला, त्याची उपासमार होईल किंवा त्याला तहानेने त्रास होईल अशा स्थितीत, वाजवी कारणावाचून सोडून देणे हा मालकाचा गुन्हा आहे. म्हणजे वाघ्याला बंद घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, नेऊन सोडले तर दोष सोसायटीकडे न जाता आपल्याकडे येईल. आईंना हे शांतपणे समजावून सांगा. त्याच कलमात, कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवण्याची काळजी न घेणे हेही येते. या कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी दंडाची रक्कम आजही दहा ते पन्नास रुपये इतकीच आहे, ही माझ्या मते फार खेदाची बाब आहे.

पाणी तोडण्याची धमकी लेखी दिलेली आहे, हे एका अर्थी आपल्या बाजूचे आहे. त्या नोटिशीचे तारखेसह दिसेल असे छायाचित्र काढून ठेवा. समितीला लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी बोलण्यावर थांबू नका. उत्तर आले नाही आणि संस्था सहकारी असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे, म्हणजे सहकारी संस्थांच्या कार्यालयात, तक्रार करता येते.

मात्र समितीच्या हातात काहीच नाही, असे समजू नका. जिना, वाहनतळ, गच्ची ही सामाईक जागा आहे. तिथे कुत्रा पट्ट्याशिवाय आणू नये, घाण झाल्यास मालकाने लगेच साफ करावी, अशी अपेक्षा समिती ठेवू शकते आणि ती रास्तच आहे. आम्ही बंदीचा ठराव मागे घेतला तेव्हा त्याच्या जागी एवढेच ठरवले होते आणि पुढची सहा वर्षे एकही तक्रार आली नाही.

परवान्याबाबत: नाचणे शहराला चिकटून असले तरी तिथे ग्रामपंचायत आहे. तरीही हद्दीवरच्या इमारतीत गोंधळ होतो, म्हणून घरपट्टीची पावती काढून पाहा. ती ज्यांच्या नावाने छापलेली असेल त्यांचेच नियम आपल्याला लागू. नगर परिषदा आणि नगर पंचायती १९६५ च्या अधिनियमाखाली चालतात आणि त्यांचे उपविधी व शुल्क गावागणिक निराळे असते. म्हणून रत्नागिरीत राहणाऱ्याने मालवणच्या किंवा वेंगुर्ल्याच्या माणसाचे ऐकून चालत नाही. ग्रामपंचायती १९५८ च्या अधिनियमाखाली येतात. तुमच्या पंचायतीत कुत्र्याची नोंद करण्याची पद्धत नसेल तर ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक म्हणतो, एक साधे पत्र द्या: प्राण्याचे वर्णन, वय, लसीची तारीख. शिक्का मारलेली त्याची प्रत पुढे फार उपयोगी पडते.

गुरांचा डॉक्टर

मी पशुसंवर्धन विभागातून निवृत्त झालेला पशुवैद्य आहे आणि माझी बरीच नोकरी रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत झाली. वरील उत्तराला एक गोष्ट जोडणे मला आवश्यक वाटते. वाघ्याला रेबीजची लस शेवटची कधी दिली, हे आपल्या प्रश्नात कुठेही आलेले नाही. गावातल्या कुत्र्यांबाबत बहुतेक वेळा याचे उत्तर आठवत नाही असेच असते. माझ्या दृष्टीने कायद्याच्या सगळ्या कागदांत पहिला कागद लसीचे कार्ड हा आहे. पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली मात्रा, त्यानंतर सांगितलेल्या मुदतीत दुसरी आणि पुढे दर वर्षी एक, असा क्रम असतो. मोठ्या कुत्र्याला आधी दिली नसेल तर आज देता येते; वयाची अडचण नाही. उद्याच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा आणि कार्डावर तारीख, लसीचा गट क्रमांक आणि सही घेतल्याशिवाय परत येऊ नका.

त्याच वेळी लेप्टोच्या लसीविषयीही विचारा. आपल्या पट्ट्यात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण दर वर्षी आढळतात. उंदीर, गुरे आणि कुत्री यांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात उतरतो आणि पायाला जखम असली की माणसाच्या अंगात शिरतो. जिन्यावरच्या लघवीबद्दल शेजारी बोलतात तेव्हा ती केवळ वासाची तक्रार नसते, हे लक्षात घ्या. नुसत्या पाण्याने न धुता जंतुनाशक घालून धुवा आणि हातात मोजे घाला.

आता भुंकण्याविषयी. नऊ वर्षे खळ्यात राहिलेला कुत्रा येणाऱ्याजाणाऱ्याची वर्दी देणे हेच आपले काम समजतो. आपल्याला तो पहाटे पाचला त्रास देतो असे वाटते आणि तो आपल्या समजुतीने घर राखत असतो. त्याला रात्री रस्त्याकडच्या गॅलरीत न ठेवता आतल्या खोलीत झोपवा, पहाटे साडेचारला एकदा खाली फिरवून आणा आणि दूधवाल्याला दोन दिवस त्याच्या हाताने बिस्किट द्यायला सांगा. हा उपाय फुकटचा वाटेल, पण मी तो अनेक घरांत सांगितलेला आहे आणि बहुतेक ठिकाणी दहापंधरा दिवसांत फरक पडतो. जिन्याविषयीही तेच: त्याला सकाळ संध्याकाळ ठरलेल्या वेळी नेल्याखेरीज तो रोखून धरू शकणार नाही. नऊ वर्षांच्या कुत्र्याला मूत्रमार्गाचा त्रासही असू शकतो, म्हणून दवाखान्यात गेल्यावर तेही तपासून घ्या.

रात्री त्याला खाली उघड्यावर बांधण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. रत्नागिरीच्या आसपासच्या वाड्यांत बिबट्या, ज्याला आपली माणसे वाघच म्हणतात, घराच्या पायरीपर्यंत येतो आणि साखळीने बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. सकाळी खुंटीला फक्त पट्टा उरलेला मी स्वतः पाहिलेला आहे.

कोंबड्यांचे उत्तर सरळ आहे. गावी आपल्या परसात चार कोंबड्या पाळण्याला कोणी हरकत घेत नाही, परंतु इमारतीचा मागचा पट्टा हा बाराही सदनिकांचा सामाईक आहे. तिथे खुराडे उभे करायचे तर सर्वांची संमती घ्यावी लागेल आणि सध्याच्या वातावरणात ती मागू नये असे माझे मत आहे. खुराड्याच्या मागोमाग उंदीर, मुंगूस आणि साप येतात. शिवाय मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, साथ आली की लस न दिलेल्या कोंबड्या दोनतीन दिवसांत पटापट मरतात आणि इमारतीत त्यांची विल्हेवाट लावणे ही निराळीच अडचण होऊन बसते.

गायीच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो आणि तो भारत पशुधन या प्रणालीत मालकाच्या नावाने नोंदलेला असतो. २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय शासकीय दवाखान्यातली सेवा आणि जनावरांची खरेदी-विक्री यांवर निर्बंध आले आहेत, त्यामुळे नोंद अद्ययावत असणे गरजेचे आहे. वडिलांच्या मृत्यूचा दाखला आणि आपले आधार कार्ड घेऊन त्या गावच्या दवाखान्यात जा आणि गाय ज्यांच्याकडे राहणार आहे त्यांच्या किंवा आईंच्या नावावर मालकी बदलून घ्या. भातकापणीनंतर गावात गुरे उनाड सोडण्याची चाल अजून आहे. गाय कोणाच्या बागेत शिरली आणि कोंडवाड्यात गेली तर दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून तिला सोडवावे लागते, आणि मालक कोण हा प्रश्न बिल्ल्यावरच्या नावावरूनच सुटतो.

दुसरा मजला

मी आपल्या शेजाऱ्यांच्या जागी राहिलेली आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. तीन वर्षांपूर्वी आमच्या इमारतीच्या जिन्यात वरच्या मजल्यावरचा पाळीव कुत्रा माझ्या सात वर्षांच्या मुलाला चावला. पट्टा नव्हता, मालक मागून चावी लावत होते. गणवेशाची पॅन्ट पोटरीवर फाटली होती आणि दातांच्या दोन खुणांतून रक्त येत होते. मी लस दिली आहे का असे विचारले तेव्हा ते म्हणाले की घरचाच कुत्रा आहे, काही होत नाही. कार्ड त्यांच्याकडे नव्हते.

आमच्या सासूबाई हळद दाबायला धावल्या. ती लावू दिली नाही हे मी बरे केले, असे पुढे डॉक्टरांनी सांगितले. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची असते. हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही भरायचे नसते आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. रक्त आले असल्यामुळे मुलाला लसीबरोबर जखमेभोवती सीरमही टोचावे लागले. त्यानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही सरकारी रुग्णालयात गेलो. प्रत्येक वेळी तो रिक्षातून उतरताना माझा पदर धरून ठेवत असे. अजूनही जिन्यात नखांचा आवाज आला की तो दाराच्या मागे जातो.

मला त्या कुत्र्याचा राग कधीच आला नाही. त्या एका वाक्याचा मात्र आला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये इतकी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्याआधी जुन्या दंड संहितेतही असेच कलम होते. आम्ही तक्रार केली नाही, कारण त्याच जिन्याने रोज वर-खाली करायचे होते.

म्हणून पावसच्या ताईंना माझी विनंती आहे की समितीपुढे कायद्याचे कलम ठेवण्याआधी लसीचे कार्ड ठेवा. प्रत्येक मजल्यावर जाऊन ते दाखवा. ज्या घरात लहान मूल किंवा म्हातारे माणूस आहे तिथे आधी जा आणि वाघ्याला खाली आणण्याच्या वेळा त्यांना सांगा. आमच्या वरच्यांनी एवढे केले असते तर आमच्या इमारतीत बंदीचा विषय निघालाच नसता.

जुना चिटणीस

दुसऱ्या मजल्यावरच्या ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते आणि माझ्या उत्तरात हा भाग यायला हवा होता. त्याला जोडून एक सावधगिरी सांगतो. अशा वादात कधी कधी कोणी रागाच्या भरात प्राण्याला विष घालण्याची भाषा करतो. प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा कायमचे अपंग करणे याला त्याच संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कोणी तसे बोलले तर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात लेखी कळवा. आणि फाटकाबाहेरच्या भटक्या कुत्र्यांचा विषय सभेत निघाला तर तो वाघ्याच्या विषयात मिसळू देऊ नका. त्यांची नसबंदी, लस आणि खाणे घालण्याची जागा हे सारे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांखाली येते आणि त्याची जबाबदारी निराळी आहे.

रानवाट

राघूबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. जखमी आणि चुकलेले वन्य प्राणी वनविभागाच्या ताब्यात पोहोचवण्याच्या कामात मी देवरुख, लांजा, राजापूर या भागात काही वर्षे मदत करतो आहे.

आपल्या परिचितांनी सांगितले ते खरे आहे. गळ्याभोवती गुलाबी-काळी कंठी असलेला आपला राघू हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित पक्षी आहे. आधी तो चौथ्या अनुसूचीत होता. कायद्यात २०२२ मध्ये सुधारणा झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर तो दुसऱ्या अनुसूचीत आला. त्याला पकडणे, विकणे किंवा घरात ठेवणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. ढोलीत सापडला, विकत घेतला नाही, प्रेमाने वाढवला, या गोष्टी माणूस म्हणून मला समजतात, परंतु कायद्यात त्यांना जागा नाही. मुनिया, मैना, साळुंकी यांनाही हेच लागू आहे.

कोकणात हे लोकांना फार उशिरा कळते, कारण आपल्याकडे पडवीतला राघू ही घराची खूणच समजली जात असे. विहिरीतल्या कासवाचेही तसेच. पाणी स्वच्छ राहते म्हणून ओढ्यातले किंवा तळ्यातले कासव आणून विहिरीत सोडण्याची चाल मी अनेक वाड्यांत पाहिली आहे. चिरेबंदी विहिरीच्या सरळ कठड्यावरून त्या जिवाला कधीही बाहेर येता येत नाही, अंडी घालायला जमीन मिळत नाही, आणि ते तिथेच वीस-वीस वर्षे फिरत राहते. आपली गोड्या पाण्यातली देशी कासवेही याच कायद्याने संरक्षित आहेत. दुकानात मिळणाऱ्या लाल पट्टीच्या परदेशी कासवाची गोष्ट वेगळी. पण तेही मोठे झाल्यावर ओढ्यात नेऊन सोडू नये, कारण ते आपल्या कासवांचे खाणे आणि जागा घेते.

ज्यांना पक्षी पाळण्याची हौस आहे त्यांनी दुकानात मिळणारे बजरीगर घेतले तर त्यांना या कायद्याची अडचण नाही. करडा आफ्रिकन पोपट किंवा मकाव यांसारख्या, आंतरराष्ट्रीय करारातल्या परदेशी जातींची मात्र परिवेश या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. त्याचे नियम २०२४ मध्ये आले.

आता आपण काय करावे. पिंजरा उघडून राघूला गच्चीवरून उडवून देऊ नका. ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे. चौदा वर्षे पिंजऱ्यात असलेल्या राघूच्या छातीचे स्नायू इतके दुबळे झालेले असतात की तो समोरच्या आंब्यापर्यंतसुद्धा जेमतेम जातो, आणि दुपारपर्यंत कावळे त्याला खाली पाडतात. त्याला स्वतः फळ शोधता येत नाही, ससाणा ओळखता येत नाही, आणि माणसाला तो भीत नसल्यामुळे दुसऱ्या कोणाच्या तरी पिंजऱ्यात जातो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर दूरध्वनी करा किंवा आपल्या भागाच्या परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात स्वतः जा आणि सर्व हकिगत खरी सांगा. कारवाई करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि त्याविषयी मी आपल्याला कोणतीही हमी देऊ शकत नाही. मात्र जे स्वतःहून पक्षी आणून देतात त्यांच्याशी अधिकारी समजुतीने वागतात असे मी पाहिले आहे, आणि कोणी तक्रार केल्यावर ते घरी येण्यापेक्षा हे केव्हाही बरे. सोसायटीत वाद चालू असताना तशी तक्रार होण्याची शक्यता नाकारता येत नाही.

नेताना पिंजऱ्यावर पातळ सुती कापड टाका आणि तो काय खातो हे कागदावर लिहून द्या. आईंना सोबत न्यायचे की नाही हे आपणच ठरवा. मी एका आजींना नेले होते. त्या परत येताना गाडीत एक शब्द बोलल्या नाहीत.

पावसची लेक

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण काही गोष्टी झाल्यावरच लिहावे असे ठरवले होते.

घरपट्टीची पावती ग्रामपंचायतीची निघाली आणि आमची इमारत सहकारी संस्था म्हणून नोंदलेली नाही, घोषणापत्राची अपार्टमेंट आहे, हे कळले. वाघ्याला शेवटची लस पाच वर्षांपूर्वी दिलेली होती. वडिलांच्या पेटीत ते कार्ड सापडले. आता रेबीज आणि लेप्टो दोन्ही लसी झाल्या आहेत. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच्या लघवीत संसर्गही आढळला आणि औषधे चालू आहेत. म्हणजे त्याला आम्ही रागावत होतो ते अन्यायाचे होते.

अर्ज देण्याआधी मी कार्ड घेऊन अकराही घरांत गेले. एका घरात दार उघडले नाही. तळमजल्यावरच्या काकांनी मात्र कार्ड चष्मा लावून पूर्ण वाचले आणि म्हणाले की ठरावावर सही करताना मला वाटले होते की हा रस्त्यावरचा कुत्रा तुम्ही परवाच उचलून आणलात. नोटीस अजून फलकावर आहे. पण दंड आणि पाणी यांच्या ओळींवर समितीने स्वतःच पट्टी चिकटवली आहे आणि पुढच्या रविवारी सभेत पट्टा, वेळा आणि साफसफाई यांचा नियम ठरणार आहे. त्यासाठीचा मसुदा मीच लिहून दिला आहे. कोंबड्यांचा विषय आईने आपणहून सोडला. गायीची नोंद शेजाऱ्यांच्या नावावर झाली.

राघूसाठी मी एकटीच आधी वनविभागाच्या कार्यालयात जाऊन आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, जबाब लिहून घेतला आणि मंगळवारी सकाळी पक्षी घेऊन यायला सांगितले. आईला सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने विचारले की त्याला पेरू बिया काढून द्यावा लागतो, हे तिथे कोणाला सांगायचे. मी तिला कागद आणि पेन दिले आहे. आतापर्यंत तिने दीड पान लिहिले आहे, आणि मंगळवारी ती माझ्याबरोबर येणार आहे.